दोन शहरांमधले अंतर आणि दिक्कालाचा प्रश्न

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांमधल्या अंतराला निदान चार आकडे आहेत, आणि चारही खरे आहेत. पृथ्वीच्या पोटातून एका शहरापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेषा काढली तर ती सुमारे १०,५०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळच्या वाटेने मोजले तर आकडा सुमारे १२,४०० किलोमीटरवर जातो. विमाने युरोप आणि अटलांटिक महासागरावरून पश्चिमेच्या वाटेने जात तेव्हा ती सुमारे १३,९०० किलोमीटर कापत. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हाच प्रवास पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून सुरू केला. ती वाट १५,३०० किलोमीटरांची होती. ही वाट आधीच्या वाटेपेक्षा १,४०० किलोमीटरांनी लांब होती, तरी वेळ जवळपास दोन तासांनी कमी, म्हणजे साधारण साडेचौदा तास लागला.

मग ही दोन शहरे एकमेकांपासून किती दूर आहेत? जवळची वाट कोणती म्हणायची, कमी किलोमीटरांची की कमी तासांची? वरवर पाहता हा भूगोलाचा प्रश्न आहे. पण अंतर हा वस्तूंचा गुण आहे की वस्तूंमधला संबंध, की मोजणाऱ्याच्या बुद्धीची मांडणी, असे विचारताच तो तत्त्वज्ञानात शिरतो. आणि व्रत, प्रार्थना, यात्रा यांचे नियम स्थळाशी व काळाशी बांधलेले असल्यामुळे तो धर्मविचारातही येतो. विमानाने हा जुना प्रश्न टाळता येणार नाही इतका समोर आणून ठेवला आहे.

आकडे वेगळे का येतात

गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते. म्हणजे गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळावरून. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे बृहद्वृत्त जवळजवळ उत्तरेकडे निघते, तिबेट, चीन आणि सायबेरिया ओलांडून आर्क्टिक समुद्रावर ७५ अंश उत्तर अक्षांशापलीकडे पोचते आणि मग अमेरिकेच्या किनाऱ्याकडे उतरते. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट मोठा वळसा घेतल्यासारखी दिसते. गोल पृष्ठ सपाट करताना नकाशाने केलेल्या तडजोडीचा हा परिणाम आहे. सरळ काय आणि वाकडे काय, हेही अशा रीतीने कोणत्या पृष्ठावर आपण बोलत आहोत यावर ठरते.

प्रत्यक्ष विमान या रेषेला धरून चालत नाही, कारण त्याच्या वाटेवर भूमितीखेरीज आणखी काही असते. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटरांच्या आसपास उंच आहे. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला तर ते सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली आणावे लागते, आणि पठारावर तेवढे खाली येणेच शक्य नसते. म्हणून नियमित मार्ग शक्यतो या प्रदेशाला वळसा घालतात. दुसरे कारण वाऱ्याचे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचे झोत वाहतात; हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरांवरही जाऊ शकतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला हा वारा पाठीमागून ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून एका दिशेचा प्रवास लवकर होतो, हा समज चुकीचा आहे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. फरक पडतो तो वातावरणाच्या आतल्या वाऱ्यामुळे.

तिसरे कारण माणसांनी निर्माण केलेले आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झाले, आणि हेलसिंकीहून टोकियोला जाणाऱ्या विमानाचा प्रवास काही तासांनी वाढून तेरा तासांच्या घरात गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने अरबी समुद्राच्या बाजूने वळसा घालू लागली. या काळात कोणतेही शहर जागचे हलले नव्हते.

उड्डाणाचा वेळ हे अंतर आहे का

गणितात अंतर म्हणवून घेण्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. त्यांतली एक अशी की ‘अ’पासून ‘ब’चे अंतर आणि ‘ब’पासून ‘अ’चे अंतर सारखेच असले पाहिजे. उड्डाणाचा वेळ ही अट पाळत नाही. त्याच वाटेने जाताना लागणारे तास आणि येताना लागणारे तास वेगळे असतात. जानेवारीतले आणि जुलैतलेही वेगळे असतात. त्यामुळे काटेकोरपणे बोलायचे तर उड्डाणाचा वेळ म्हणजे अंतर नव्हे. पोचण्यासाठी द्यावे लागणारे ते मोल आहे, आणि ते दिशा, ऋतू, यंत्र व परवानगी यांवर ठरते.

तरीही माणसाने अंतर वेळात मोजणे ही विमानाने आणलेली नवी सवय नाही. सैन्याची एका दिवसाची मजल, पायी चालण्याचे दिवस, होडीचे प्रहर ही सगळी मापे वेळाची होती. शिवाय विज्ञानाने स्वतःच हा मार्ग पत्करला आहे. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तो उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून, म्हणजे पृथ्वी हीच मोजपट्टी धरून. १९८३ पासून मीटरची व्याख्या अशी आहे की प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो तो एक मीटर. आजची सर्व लांबी अशा प्रकारे काळावरून निघते. मात्र प्रकाश आणि विमान यांत एक मूलभूत फरक आहे. निर्वातातला प्रकाशाचा वेग कोणत्याही दिशेला, कोणत्याही ऋतूत, कोणाच्याही परवानगीवाचून तोच धरता येतो. विमानाचा वेग तसा नसतो. म्हणून प्रकाशाचा वेळ अंतराचे माप होऊ शकतो, विमानाचा होऊ शकत नाही.

वैशेषिकांचे उत्तर

अंतराचा तात्त्विक विचार भारतीय परंपरेत सर्वांत बारकाईने वैशेषिक दर्शनाने केला आहे. कणादांच्या या दर्शनात नऊ द्रव्ये मानली आहेत आणि त्यांत दिक् व काल ही दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत. दोन्ही एक, नित्य आणि सर्वव्यापी. दिक् डोळ्यांना दिसत नाही. ‘हे दूर, ते जवळ’ हा जो अनुभव आणि व्यवहार आहे, त्याचे कारण म्हणून तिचे अनुमान केले जाते. ‘हा आधीचा, तो नंतरचा’ या अनुभवावरून कालाचे अनुमान होते. पूर्व, पश्चिम हे दिशेचे तुकडे नव्हेत. एकाच दिशेला सूर्याच्या संबंधामुळे आलेले ते उपाधिभेद आहेत.

दूरपणा आणि जवळपणा यांना वैशेषिक परत्व आणि अपरत्व म्हणतात व त्यांची गणना गुणांमध्ये करतात. हे दोन्ही गुण दुहेरी आहेत: दिक्कृत परत्व म्हणजे स्थळातले दूरपण, कालकृत परत्व म्हणजे वयाने किंवा काळाने आधीचे असणे. स्थळातले परत्व येते ते मधल्या संयोगांच्या कमीअधिकपणामुळे. पुण्यात उभ्या असलेल्या माणसापासून साताऱ्यापर्यंत मध्ये जितके प्रदेश एकमेकांना लागून आहेत, त्यांहून कोल्हापूरपर्यंत अधिक आहेत. म्हणून कोल्हापूर ‘पर’ आणि सातारा ‘अपर’. काळातले परत्व सूर्याच्या कमीअधिक गतीवरून ठरते.

या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग पुढचा आहे. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांच्या मते परत्व व अपरत्व हे गुण अपेक्षाबुद्धीवाचून उत्पन्न होत नाहीत. अपेक्षाबुद्धी म्हणजे दोन गोष्टींची तुलना करणारी, एकीच्या संदर्भात दुसरीकडे पाहणारी जाणीव. मधले संयोग जगात आहेतच, ते कुणी पाहो न पाहो. पण ‘दूर’ आणि ‘जवळ’ हे तुलना करणारा कोणी असल्यावाचून सिद्ध होत नाहीत. दूरपणा निव्वळ मनाचा खेळ नाही आणि निव्वळ वस्तूतही बसलेला नाही, असे हे मधले उत्तर आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोच्या चार आकड्यांना ते नेमके लागू पडते. मधले प्रदेश तेच आहेत. कोणत्या संयोगांची गणना करायची, जमिनीच्या पोटातल्या, पाठीवरच्या की विमानाच्या वाटेवरच्या, हे विचारणाऱ्याच्या अपेक्षेवर ठरते.

हे उत्तर परंपरेच्या आतही निर्विवाद राहिले नाही. सोळाव्या शतकातील नवद्वीपचे नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी दिक् आणि काल यांना वेगळी द्रव्ये मानण्याची गरज नाही, ती ईश्वराहून भिन्न नाहीत, असा पक्ष मांडला. परत्व–अपरत्व हे वेगळे गुणही त्यांनी नाकारले: मधले संयोग कमी किंवा जास्त आहेत एवढे म्हटल्याने दूर–जवळचा व्यवहार जुळत असेल, तर त्यापलीकडे एखादा गुण कल्पणे हे गौरव, म्हणजे अनावश्यक भर. अंतर म्हणजे निव्वळ संबंध, या आधुनिक मताच्या फार जवळ हा विचार येतो.

युरोपातला वाद

युरोपात हाच वाद सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रंगला. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये वस्तू असोत वा नसोत, स्वतः स्थिर राहणारे निरपेक्ष अवकाश आणि आपल्या गतीने वाहणारा निरपेक्ष काल मानला. या मताने दोन शहरांमधले अंतर म्हणजे अवकाशाच्या दोन जागांमधले अंतर. शहरे केवळ त्या जागा व्यापतात. लायब्निट्सने १७१५–१६ मध्ये न्यूटनचे पाठीराखे सॅम्युएल क्लार्क यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हे नाकारले. त्याच्या मते अवकाश म्हणजे एकत्र असणाऱ्या वस्तूंची मांडणी आणि काल म्हणजे एकामागून एक येणाऱ्या घटनांची मांडणी. वस्तू नसतील तर मांडणीही नाही. या वादाची ईश्वरविषयक बाजूही होती: ईश्वराने सारे विश्व उचलून थोडे बाजूला ठेवले असते तर काही फरक पडला असता का? क्लार्कच्या मते पडला असता. लायब्निट्सच्या मते अशा निवडीला काही कारणच नसते, आणि ईश्वर विनाकारण काही करत नाही.

कांटने १७८१ मध्ये तिसरी वाट काढली. अवकाश आणि काल हे वस्तूंचे धर्म नसून मानवी संवेदनेचे आकार आहेत. ज्या साच्यातून अनुभव येतो तो साचा. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातले अंतर खरे आहे, पण ते अनुभवाच्या जगातले खरेपण आहे. पुढे १९०२ मध्ये आंरी प्वँकारेने असे दाखवले की कोणती भूमिती ‘खरी’ या प्रश्नाला प्रयोगाने एकच उत्तर मिळत नाही, कारण मोजपट्टी कोणती धरायची हा निर्णय आधीच घेतलेला असतो. निर्णय मनमानी नसतो. तो सोयीने, साधेपणाने घेतला जातो. पण तो निर्णय असतो, शोध नव्हे.

या चारही मतांचा मेळ एका मुद्द्यावर बसतो. अंतराचा आकडा सांगण्याआधी काहीतरी ठरवावे लागते: अवकाश, मांडणी, अनुभवाचा साचा किंवा मोजपट्टी. ठरवल्यानंतर उत्तर मात्र माणसाच्या इच्छेवर राहत नाही. बृहद्वृत्त धरल्यावर ते १२,४०० किलोमीटरच आहे. कुणाला आवडो न आवडो.

तीन प्रकारचा वेळ

अंतराइतकाच वेळही एकेरी नाही. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेतेरा तास मागे असते. पहाटे दोनला दिल्लीहून निघालेले विमान साडेचौदा तासांनी पोचले तर तिथल्या घड्याळात त्याच तारखेचे पहाटेचे तीन वाजलेले असतात. दोन टोकांच्या घड्याळांत एक तास, प्रवाशाच्या शरीरात साडेचौदा तास. शरीर कोणत्या हिशेबाने चालते हे पुढच्या आठवड्यात कळते: झोप आणि भूक नव्या जागेच्या सूर्याशी जुळायला साधारण दर तासाच्या फरकाला एक दिवस घेतात.

तिसरा वेळ अणुघड्याळांचा. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या संशोधकांनी सीझियमची घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून फिरवली. जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. आइनस्टाइनच्या सिद्धांताने सांगितले होते तसेच हे घडले. दोन शहरांमधला प्रवास ‘किती वेळाचा’ या प्रश्नाला सर्वांना समान असे एकच उत्तर निसर्गातही नाही. वेळ ज्याच्या घड्याळात मोजायचा त्याची वाट त्यात मिसळलेली असते.

दिवसाचा घोळ याहून जुना आहे. मॅजेलनच्या मोहिमेतून उरलेले जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्ड बेटांवर आले तेव्हा जहाजावरच्या नोंदीप्रमाणे बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. मोहिमेचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने वही काटेकोर ठेवली होती. चूक कुणाचीच नव्हती. सूर्याच्या दिशेने पश्चिमेकडे पृथ्वीची फेरी केल्यामुळे त्यांच्या वाट्याचा एक सूर्योदय कमी झाला होता. शुक्रवारचे मांसवर्जन आणि रविवारची उपासना पाळणाऱ्या ख्रिस्ती खलाशांसाठी ही केवळ कुतूहलाची बाब नव्हती. दिवस हा आकाशातला आहे की मोजणाऱ्यांच्या समाजातला, हा प्रश्न त्या दिवशी धर्मापुढे उभा राहिला.

धर्मशास्त्रांचे निर्णय

ज्यू परंपरेत हा प्रश्न १९४१ मध्ये फार तीव्रतेने आला. लिथुआनियातून सायबेरियामार्गे पळून आलेले ज्यू विद्यार्थी जपानमधल्या कोबे शहरात अडकले होते. योम किप्पूरचा कडक उपवास कोणत्या दिवशी धरावा, हे त्यांनी जेरुसलेमला विचारले. तिथे जमलेल्या धर्मपंडितांनी स्थानिक गणनेप्रमाणे बुधवारी उपवास करावा असे कळवले. हझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंडिताच्या गणनेप्रमाणे दिनरेषा जपानच्या पश्चिमेला येत होती, म्हणून त्याने गुरुवार सांगितला. दिवस बदलण्याची रेषा धर्मानुसार जेरुसलेमपासून मोजायची की जिथे माणसे राहतात तिथली रीत मानायची, हा त्या वादाचा गाभा होता. याच परंपरेत शब्बाथच्या दिवशी वस्तीपासून २,००० हातांपलीकडे जायला मनाई आहे. आणि ही मर्यादा जमिनीपासून दहा मुठींच्या वरही लागू होते का, हा प्रश्न तालमुदने विमानाच्या शेकडो वर्षे आधी विचारून अनिर्णित ठेवला आहे.

इस्लामी न्यायशास्त्रात प्रवाशाला चार रकातींची नमाज दोन रकातींत आटपण्याची आणि रमजानचा रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. किती दूर गेले म्हणजे प्रवास म्हणायचा? हनफी पंथाने ते वेळात ठरवले: मध्यम चालीचा तीन दिवसांचा प्रवास. इतर प्रमुख पंथांनी ते लांबीत ठरवले, साधारण ८० किलोमीटरांच्या आसपास. विमान तेवढे अंतर काही मिनिटांत कापते; मग सवलत राहते का? बहुतेक न्यायशास्त्रज्ञांचे उत्तर ‘राहते’ असे आहे, आणि त्यामागचा विचार मोलाचा आहे. सवलतीचा हेतू कष्ट हलके करणे हा असला तरी तिचे निमित्त प्रवास हे आहे. कष्ट प्रत्येकाचे वेगळे आणि मोजता न येणारे. प्रवास मात्र ठरवता येतो. म्हणून नियम निमित्ताला बांधायचा, हेतूला नव्हे. रोजा धरूनच उडणाऱ्याने खालच्या शहराच्या घड्याळाकडे न पाहता आपल्या खिडकीतून दिसणारा सूर्य मावळेपर्यंत थांबावे, असेही अनेक विद्वान सांगतात. २००७ च्या रमजानमध्ये मलेशियाचे अंतराळवीर शेख मुझफ्फर अवकाशस्थानकावर गेले, तेव्हा सूर्य दिवसातून सोळा वेळा उगवत होता. मलेशियातील धर्मपंडितांनी तयार केलेल्या मार्गदर्शनात नमाजाच्या वेळा उड्डाणस्थळाच्या घड्याळाप्रमाणे पाळण्याची मुभा होती. जिथे स्थानिक सूर्य अर्थ गमावतो, तिथेच निघालेली जागा आधाराला घेतली गेली.

नमाजाची दिशा ठरवताना जवळच्या वाटेचा प्रश्नही येतो. सॅन फ्रान्सिस्कोहून मक्का सपाट नकाशात आग्नेयेला दिसते, पण बृहद्वृत्ताने ती उत्तरेपासून जेमतेम १९ अंश पूर्वेकडे आहे. उत्तर अमेरिकेतील बहुतेक मशिदींनी बृहद्वृत्ताची दिशा स्वीकारली आहे. तसेच हजच्या यात्रेकरूने मीकात ही सीमा ओलांडण्याआधी इहराम, म्हणजे यात्रेचा पवित्र वेश, धारण करायचा असतो. मुंबईहून जेद्दाला जाणारी यात्रेकरूंची जहाजे १९९५ मध्ये बंद होऊन सगळा प्रवास विमानाने होऊ लागला, तरी आकाशातून क्षणात ओलांडली जाणारी ती सीमा सीमाच राहिली.

हिंदू धर्मशास्त्रात तिथी हा चंद्र–सूर्यातील १२ अंशांच्या अंतराचा काळ आहे. तो साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी सुरू होतो आणि एकाच क्षणी संपतो. व्रतासाठी मात्र बहुधा स्थानिक सूर्योदयाची तिथी धरली जाते. कॅलिफोर्नियाचा सूर्योदय त्याच तारखेच्या महाराष्ट्रातल्या सूर्योदयानंतर सुमारे तेरा तासांनी होतो, आणि तिथीची लांबी साधारण १९ ते २६ तास असते. त्यामुळे पुण्यात ज्या तारखेला एकादशी, तिच्या आदल्या तारखेला ती सॅन फ्रान्सिस्कोत येणे अगदी सामान्य आहे. तिथल्या मराठी घरांत ‘गावाकडे उपवास उद्या, मग आपण आज का?’ हा प्रश्न दरवर्षी पडतो. शास्त्राचे उत्तर सरळ आहे: जिथे राहता तिथला सूर्य. पूजेच्या संकल्पातही आधी देश आणि काल सांगावा लागतो. महाराष्ट्रात गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण आहोत हे उच्चारावे लागते. कर्म करणारा कुठेतरी उभा आहे, हे कर्माच्या आरंभीच मान्य केलेले असते.

वाट संपवणे आणि वाट चालणे

धर्माच्या दृष्टीने पोचणे आणि जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीर्थयात्रेत वाहन वापरल्यास फळ निम्मे होते, असे वचन धर्मनिबंधांत येते. पांडुरंग वामन काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथात तीर्थयात्रेच्या अशा नियमांची विस्तृत चर्चा आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरांचे अंतर मोटारीने अर्ध्या दिवसात होते. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर ते कापायला अडीच आठवड्यांहून अधिक लागतात. मोटारीने गेलेल्यालाही विठ्ठलाचे दर्शन तेच होते, त्यात उणे काही नाही. पण त्याला वारी म्हणत नाहीत, कारण वारीत चालणे हेच साधन आहे. वेळ वाचवला तर वाचवण्याजोगे काही उरतच नाही.

दुसऱ्या टोकाला ईशावास्योपनिषदाने परमतत्त्वाला दूरही आणि जवळही म्हटले आहे. तिथे किलोमीटर नाहीत, तासही नाहीत. जाणणाऱ्याच्या अवस्थेवर ते दूरपण ठरते. मार्टिन हायडेगरने १९५० च्या एका व्याख्यानात नेमका हाच भेद आधुनिक प्रवासाला लावला: अंतरे कमी होत चालली, पण अंतर कमी झाले म्हणून सान्निध्य आपोआप येत नाही.

निष्कर्ष

या सगळ्यातून तीन गोष्टी ठरतात. पहिली, दोन शहरांमधले अंतर हा जगातला खरा संबंध आहे, पण कशासाठी विचारायचे हे ठरल्यावाचून त्याला एक आकडा नाही. इंधन भरणाऱ्याला १५,३०० हवे, नकाशा आखणाऱ्याला १२,४००, भूकंपलहरी अभ्यासणाऱ्याला १०,५०० जवळचे. दुसरी, उड्डाणाचा वेळ अंतराची जागा घेऊ शकत नाही. तो वारा, सरहद्दी, तिकिटाचे पैसे आणि व्हिसा यांनी घडलेला आहे. व्हिसा नाकारलेल्या आईला साडेचौदा तासांचा आकडा काहीच सांगत नाही. जग लहान झाले असे म्हणताना ते कोणासाठी लहान झाले, हे विचारणे हा सत्याचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट धर्मविषयक. वेगवेगळ्या परंपरांनी, एकमेकींशी न बोलता, विमानापुढे साधारण एकच धोरण घेतले: नियम माणसाला आणि त्याच्या पायाखालच्या जागेला बांधायचा, निघालेल्या गावाच्या घड्याळाला नव्हे, आणि जागा अर्थ गमावते तिथेच दुसरा आधार शोधायचा. हे धोरण योग्य आहे, कारण व्रत पाळतो तो देह, आणि देह एका वेळी एकाच सूर्याखाली असतो. परदेशात राहणाऱ्याने तिथल्या सूर्योदयाची एकादशी निःशंक मनाने धरावी. गावाकडच्यांपेक्षा ती एक तारीख आधी आली म्हणून तिच्यात काहीही कमी होत नाही.